एक दांडा, अनेक पाती: बागेसाठी बदलत्या जोडाची अवजारे घ्यावीत का?

आपला प्रश्न असा आहे की, साताऱ्याजवळच्या घराभोवती असलेल्या सुमारे दोन गुंठ्यांच्या बागेसाठी एकाच दांड्याला आठ वेगवेगळी पाती लावता येतील असा संच घ्यावा, की कुदळ, फावडे, दाताळे, खुरपे अशी सुटी अवजारे घ्यावीत. माती काळी आणि भारी आहे, आपण साठीच्या पुढचे असून गुडघ्यांना बसून काम करणे जमत नाही, आपल्या व पत्नीच्या उंचीत जवळजवळ आठ इंचांचा फरक आहे, माळी आठवड्यातून एकदाच येतो आणि अवजारे ठेवायला जिन्याखालची जागाच उपलब्ध आहे, हेही आपण कळवले आहे. मुलगी जर्मनीहून दिवाळीत येणार असून तिथला एखादा संच ती आणू शकते, असेही आपण लिहिले आहे. ही माहिती दिली नसती तर मला नेमके उत्तर देता आले नसते, कारण अवजारांची निवड माती, अंग आणि काम पाहूनच करावी लागते.

पुणे-सातारा भागात घरगुती बागा व लहान फळबागा उभारण्याचे आणि सांभाळण्याचे काम मी करतो, आणि बदलत्या जोडाची तसेच कायम दांड्याची अशी दोन्ही प्रकारची अवजारे माझ्याकडे रोज वापरात असतात. त्यावरून माझे मत असे आहे की, आपण संपूर्ण संच घेऊ नये, पण संचातली निवडक पाती मात्र जरूर घ्यावीत. कोणती घ्यावीत आणि कोणती टाळावीत हे एकाच गोष्टीवरून ठरते, ती म्हणजे काम करताना पाते आणि दांडा यांच्या जोडावर कोणत्या प्रकारचा ताण येतो.

बागेतली कामे या दृष्टीने पाहिली तर त्यांचे दोन गट पडतात. तण खरवडणे, वाफ्याची माती भुसभुशीत करणे, पालापाचोळा ओढणे, माती सपाट करणे या कामांत आपण दांडा स्वतःकडे ओढतो किंवा पुढे ढकलतो, आणि जोर मुख्यतः दांड्याच्या लांबीच्या दिशेने जातो. याउलट कुदळीने घाव घालणे, मुळे किंवा दगड उचकटणे, फावड्याने ओली माती उचलून टाकणे या कामांत जोडावर धक्का बसतो किंवा जोड वाकवण्याचा प्रयत्न होतो. पहिल्या गटातली कामे बदलता जोड वर्षानुवर्षे सहन करतो, पण दुसऱ्या गटातल्या कामांत तो लवकर ढिला होतो. दुकानात किंवा जाहिरातीत हा भेद कोणी सांगत नाही, कारण पाती संख्येने जितकी जास्त तितका संच आकर्षक दिसतो.

वाकवणाऱ्या जोराचा परिणाम किती मोठा असतो हे साध्या गणिताने दिसते. समजा, दांड्याचा ८ सेंटिमीटर भाग पात्याच्या नळीत शिरलेला आहे आणि आपला हात जोडापासून १२० सेंटिमीटर अंतरावर आहे. मातीत अडकलेले मूळ उचकटण्यासाठी आपण त्या टोकावर केवळ १० किलोचा दाब दिला, तर नळीच्या दोन्ही टोकांशी साधारण १५० किलोचा दाब येतो. एवढा भार पातळ पत्र्याची नळी किंवा प्लॅस्टिकचा सांधा एकदोनदा सोसतो, मग नळीचे तोंड किंचित फाकते. आणि एकदा नळीत अर्ध्या मिलिमीटरची फट पडली की, तीच फट सुमारे दीड मीटर दूर असलेल्या हाताला जवळजवळ ९ मिलिमीटरच्या हालचालीच्या रूपात जाणवते. असे डुगडुगणारे अवजार नेमके चालवता येत नाही, रोपाजवळ त्याचा भरवसा वाटत नाही, आणि ते घट्ट धरून ठेवण्याच्या प्रयत्नात मनगट व खांदा विनाकारण थकतो. म्हणून संचात कुदळीचे, फावड्याचे किंवा माती उलथण्याच्या कुदळ-पंज्याचे पाते असेल तर त्याची किंमत मनातल्या मनात शून्य धरावी.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पाते आणि दांडा वेगळे होऊ शकणे ही सोय आपल्याकडे नवी नाही. टिकावाचे आणि बऱ्याच कुदळींचे नेढे, म्हणजे दांडा ज्यात बसतो ते भोक, एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद असते. दांड्याचेही एक टोक जाड ठेवलेले असते, आणि दांडा नेढ्यातून वरून खाली सरकवला की ते जाड टोक नेढ्यात अडकते. प्रत्येक घावाबरोबर लोखंड बाहेरच्या दिशेने ओढले जाते आणि जोड अधिक घट्ट होत जातो. सोडवायचे असेल तर दांड्याचे खालचे टोक दगडावर उभे आपटले की पाते खाली सरकते. ना स्क्रू, ना बटण, ना खास भाग, आणि तरीही घाव घालण्यासाठी यापेक्षा चांगला बदलता जोड मी पाहिलेला नाही. शिवाय या नेढ्यात बसणारा दांडा आठवडी बाजारात मिळतो किंवा गावातला सुतार तासून देतो. फावड्याच्या गोल नेढ्यात दांडा बसवून पाचर मारतात, तोही जोड दुरुस्त करायला सोपा असतो. म्हणून घाव आणि उचल यांसाठी आपण साधी, घडीव लोखंडाची एक कुदळ आणि एक फावडे घ्यावे, आणि ती मुख्यतः माळ्यासाठी आहेत असे समजावे. आठवड्यातून एकदा येणाऱ्या माणसाच्या हाती नाजूक सांध्याचे अवजार दिले तर तो ते त्याच्या सवयीनेच वापरणार, आणि त्यात त्याचा काहीही दोष नसतो.

दांड्याचे लाकूड निवडताना बाभूळ मिळाली तर उत्तम, धामण मिळाली तर त्याहूनही चांगले, कारण धामणीचे लाकूड लवचीक असते आणि घावाचा धक्का हातापर्यंत कमी पोहोचवते. सागवान टिकाऊ असले तरी धक्क्याच्या कामाला मी ते वापरत नाही. दांडा डोळ्यांसमोर आडवा धरून पाहावा. लाकडाच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या असाव्यात, मध्येच तिरप्या बाहेर पडलेल्या नसाव्यात, आणि जोडाजवळच्या भागात गाठ मुळीच नसावी.

आता बदलत्या जोडाच्या अवजारांकडे वळतो. जर्मनीत अशा दोन प्रणाली घरोघर माहीत आहेत. १९२२ साली बेट्झडॉर्फ येथे सुरू झालेल्या वोल्फ-गार्टन या कंपनीच्या प्रणालीत पाते दांड्याच्या टोकात ढकलले की खटका बसतो आणि बटण दाबले की ते सुटते. उल्म शहरात १९६१ साली सुरू झालेल्या गार्डेना या कंपनीच्या प्रणालीत पाते दांड्यावर बसवून हाताने फिरवायच्या स्क्रूने आवळतात. पहिल्या प्रकारात बदल झटकन होतो, दुसऱ्या प्रकारात थोडा वेळ जातो, पण जोडातली बारीक फट स्क्रूमुळे दाबली जाते. गुडघे किंवा बोटे दुखणाऱ्या माणसाला खटक्याचा प्रकार सोपा पडतो, हे खरे. मात्र एका कंपनीचे पाते दुसऱ्या कंपनीच्या दांड्यावर थेट बसत नाही, त्यामुळे पहिला दांडा निवडतानाच पुढच्या अनेक वर्षांची निवड झालेली असते. मुलीला एक प्रणाली ठरवून सांगावी आणि तीच पुढे चालवावी.

आपल्याकडे ऑनलाइन मिळणारे स्वस्त संच बहुधा याच कल्पनेवर बनवलेले असतात, पण त्यांच्याबाबत माझी मुख्य शंका धातूविषयी नसून सुट्या भागांविषयी आहे. एक पाते मोडले तर ते एकटे विकत मिळते का, दांडा एकटा मिळतो का, आणि पुढच्या वर्षीचा नवा संच जुन्या दांड्यावर बसतो का, हे प्रश्न विक्रेत्याला आधी विचारावेत. सुटा भाग मिळत नसेल तर तो संच नावापुरताच बदलता आहे, कारण त्याचा दांडा मोडला की आठही पाती एकदमच निकामी होतात.

आपल्या बागेला पहिल्या गटातली तीनच पाती लागतील असे मला वाटते. एक तीन दातांचा पंजा, ज्याने वाफ्यातली माती उभ्याने मोकळी करता येते. दुसरे पुढे-मागे दोन्ही बाजूंनी कापणारे तण काढण्याचे पाते, जे मातीच्या पृष्ठभागाखाली अर्धा-एक इंच सरकवत न्यायचे असते. तिसरे दाताळे. आपल्यासाठी यांतले सर्वांत मोलाचे दुसरे आहे, कारण खुरप्याने बसून करायचे बरेचसे काम त्यामुळे उभ्याने होते. आपण गुडघ्यांचा उल्लेख केला नसता तरी मी हे पाते सुचवले असते, पण आपल्या बाबतीत बदलता जोड घेण्याचे खरे कारण तेच आहे. तरीही एक लहान खुरपे घरात असावेच. मेथी-कोथिंबिरीच्या ओळींत किंवा कोवळ्या रोपाच्या बुंध्याशी लांब दांड्याचे कोणतेही पाते तितक्या नेमकेपणाने चालत नाही, आणि ते थोडे काम बुटक्या स्टुलावर बसून करता येते.

काळ्या मातीमुळे एक अट मात्र कटाक्षाने पाळावी लागेल. ही माती ओली असताना पात्याला व जोडाला चिकटते आणि पूर्ण वाळली की दगडासारखी होते. ओल्या चिखलात काम केले तर खटक्याच्या बटणाभोवती माती साचून वाळते आणि बटण अडकते, तर वाळलेल्या मातीत पंजा ओढता ओढता माणूस नकळत उचकटू लागतो आणि वर सांगितलेला वाकवणारा ताण जोडावर येतो. पाऊस किंवा पाणी दिल्यानंतर वाफसा आला, म्हणजे माती ओलसर असूनही चिकटेनाशी झाली, की काम करावे. वाफशावर तणाचे पाते जवळजवळ जोर न लावता चालते, तण मुळासकट सुटते, आणि हलक्या जोडाचे अवजार का पुरते हे आपल्याला हातालाच कळेल. तण दोन पानांवर असताना हे पाते दर आठवड्याला फिरवले तर कुदळीची गरज फारशी पडणार नाही. तण गुडघाभर वाढू दिल्यावर मात्र कोणताही संच कामाचा नाही.

दांडे किती घ्यावेत हा प्रश्न बहुतेक लोक विचारतच नाहीत, पण माझ्या मते तो पात्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचा आहे. एकाच दांड्यावर आठ पाती ही कल्पना जागा वाचवते, परंतु प्रत्यक्ष कामात पंजा आणि दाताळे आलटून-पालटून लागतात, आणि दर पाच मिनिटांनी पाते बदलावे लागले की माणूस कंटाळून पंज्यानेच पाला ओढू लागतो. शिवाय आपण दोघे मिळून बागेत काम करता, तेव्हा एक जण रिकामा उभा राहील. म्हणून दोन दांडे घ्यावेत, आणि आपल्या उंचीतला फरक त्यांतूनच सोडवावा. उभ्याने ओढण्याच्या अवजाराचा दांडा जमिनीवर टेकवला असता त्याचे टोक वापरणाऱ्याच्या हनुवटीपासून नाकापर्यंत कोठेतरी यावे. यापेक्षा आखूड असेल तर कमरेत वाकावे लागते, लांब असेल तर टोक मागे अडखळते. आपल्यासाठी साधारण १५० सेंटिमीटरचा आणि पत्नीसाठी १३० सेंटिमीटरच्या आसपासचा, असे दोन साधे, न वाढणारे दांडे जिन्याखाली भिंतीला टेकून सहज राहतील. रोजच्या खुरपणीसाठी लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा मी सुचवत नाही, कारण त्यात आणखी एक सांधा वाढतो आणि तो सांधा नेमका हातांच्या मध्ये येतो.

लांबी वाढवता येणाऱ्या दांड्याचे स्थान वेगळे आहे. उंच झाडावरचे काम हेच ते स्थान, आणि तेथे बदलता जोड खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. आपल्या आवारात आंब्याचे झाड आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंबा देठासकट कापून जाळीत झेलणारा नूतन झेला तयार केला, तो बांबूच्या काठीला लावून कोकणात सर्रास वापरला जातो. वर्षातून काही आठवडे झेला, छाटणीच्या वेळी वक्र करवत आणि एरवी जाळी काढण्याचा ब्रश अशी कामे एकाच लांब काठीवर होतात, आणि अशा क्वचित लागणाऱ्या अवजारांसाठी वेगवेगळ्या चार-चार मीटर लांबीच्या काठ्या सांभाळणे कोणालाच जमत नाही. अशा काठीवर लावायचे पाते शक्य तितके हलके असावे. तीन मीटर उंचीवर अर्धा किलो वजनही खांद्याला पेलणे कठीण जाते. आत सरकणाऱ्या नळ्या पिळून घट्ट होणाऱ्या असतील तर धूळ शिरून त्यांची पकड सुटू लागते, म्हणून भोकात खिळी बसणारा प्रकार मी अधिक विश्वासाचा मानतो. या नळ्यांना तेल कधीही लावू नये, कारण तेलावर धूळ बसून तिचा घासणारा थर तयार होतो. कोरड्या फडक्याने पुसणे पुरेसे असते.

एक सूचना सुरक्षिततेची आहे आणि तिच्याबाबत तडजोड नको. ॲल्युमिनियमची लांब काठी विजेच्या तारेजवळ उचलणे प्राणघातक ठरू शकते, आणि ओला बांबूही सुरक्षित नसतो. झाडाची फांदी तारेच्या जवळ गेलेली असेल तर वीजपुरवठा बंद करून घेतल्याशिवाय तिला हात लावू नये, काठी कोणत्याही वस्तूची असो.

पात्याच्या धातूविषयी थोडक्यात सांगतो. स्टेनलेस स्टील गंजत नाही, पण तणाच्या पात्यासाठी मी कार्बन स्टील पसंत करतो, कारण त्याला साध्या कानशीने बागेतच धार लावता येते. येथे बदलत्या जोडाची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. आपली कुदळ झिजली तर लोहाराकडून शेवटून आणता येते, म्हणजे तो ती भट्टीत तापवून, ठोकून धार पुन्हा ओढतो आणि पाणी देतो, म्हणजे तापलेले टोक पाण्यात बुडवून कठीण करतो. ज्या पात्याच्या मागे प्लॅस्टिकचा सांधा बसवलेला आहे ते भट्टीत घालताच येत नाही. म्हणून अशा पात्याची धार थोडी बोथट झाली की लगेच कानस फिरवावी, पूर्ण झिजेपर्यंत थांबू नये. कोकणातल्या, विशेषतः समुद्राजवळच्या वाचकांनी आणखी एक काळजी घ्यावी. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमचा दांडा आणि लोखंडी पाते एकत्र जोडून महिनोन्‌महिने ठेवले तर जोडात ॲल्युमिनियम क्षरते आणि पांढरी भुकटी धरून पाते जाम होते, म्हणून काम झाल्यावर पाते सुटे करून ठेवावे. साताऱ्यात हा धोका कमी आहे, पण जोड पुसून ठेवण्याची सवय तेथेही चांगली.

दुकानात किंवा घरी पेटी उघडल्यावर तपासणी अशी करावी. पाते बसवून ते जमिनीवर पायाने हलकेच दाबून धरावे आणि दांडा डावी-उजवीकडे हलवावा. नवेपणीच खडखड ऐकू आली तर ते परत करावे, कारण फट वापराने वाढतच जाते. नंतर दांडा ओढून पाहावा आणि ओढ नेमकी कोणावर येते ते बघावे. चांगल्या जोडात दांड्याचा टोकाकडचा भाग नळीत खोल व घट्ट बसून भार घेतो आणि खटका पाते फक्त सुटू देत नाही, तर वाईट जोडात सगळा भार खटक्याच्या एवढ्याशा दातावर येतो. शेवटी ओल्या बोटांनी बटण दाबून पाहावे, कारण बागेत हात कोरडे असतातच असे नाही.

मुलीने काय आणावे, याचे उत्तर आता सोपे होते. तिने एकाच प्रणालीतली तणाचे पाते आणि तीन दातांचा पंजा ही दोनच पाती आणावीत. ती धारदार असल्यामुळे हातातल्या बॅगेत न ठेवता आत टाकायच्या सामानात, पुठ्ठ्यात नीट गुंडाळून ठेवावीत. दाताळे रुंद असते, ते आणण्यात अर्थ नाही, ते येथे कायम दांड्याचे घ्यावे. खरी अडचण दांड्यांची आहे, कारण सव्वा-दीड मीटरचा दांडा बॅगेत मावत नाही. त्याच प्रणालीचा दांडा भारतात मागवता येतो का, हे तिने पाती विकत घेण्यापूर्वी आपण शोधून ठेवावे. तो मिळत नसेल आणि विमान कंपनी लांब सामान घ्यायला तयार नसेल, तर जर्मन पाती आणूच नयेत. त्याऐवजी स्थानिक लोहाराकडून पोलादी पट्टीचे, मागे गोल लोखंडी नळी असलेले तणाचे पाते बनवून घ्यावे, नळी निदान चार इंच खोल ठेवायला सांगावी, तिच्यात आरपार एक भोक पाडून घ्यावे, आणि त्याच मापाच्या नळीचा एक पंजाही करून घ्यावा. सुताराकडून दोघांच्या उंचीचे दोन दांडे त्या नळीच्या मापाने तासून घ्यावेत आणि पाते बसवल्यावर भोकातून बोल्ट टाकून नट आवळावा. पाते बदलायला पाना लागेल आणि दोन मिनिटे जास्त जातील, पण यातला प्रत्येक भाग आपल्या तालुक्याच्या गावी पुन्हा मिळेल.